एका दमाची रेघ

जोहे, ता. पेण
रविवार, १३ जुलै २०२५

चि. सौ. अनितास,

तुझ्या आईचा पोटभर आशीर्वाद. घरात सगळ्यांना वाटून उरेल एवढा आहे, कारण तो बरेच महिने साठून राहिला आहे.

आमचे व्याही जनूभाऊ, त्यांचा गुडघा कसा आहे? पावसाळ्यात तो धरतो, त्यांना म्हणावं बाजारात पायी जाऊ नका, लेकाच्या, मितेशरावांच्या गाडीवर बसा. विहीणबाई इंदुबाईंची साखर आटोक्यात आहे का? त्यांनी तुझ्यासाठी अळिवाचे लाडू केले तेव्हा त्यातले निम्मे स्वतःच खाल्ले असं मला कळलं आहे, पण हे त्यांना वाचून दाखवू नकोस. मितेशरावांची रात्रपाळी संपली का? धाटावच्या कंपनीतून आले की डोळे लाल असतात म्हणाली होतीस. आणि तू? अंगावर पाजणाऱ्या बाईने वेळेवर जेवायचं असतं, ताट झाकून ठेवून मागून जेवायचं नसतं. कंबर शेकतेस ना?

आणि ती. तुम्ही बारशाला तिचं नाव रिवांशी ठेवलंत. चांगलं आहे, पण माझ्या जिभेवर मेलं बसत नाही. मी मनात तिला आवडी म्हणते. तिला सर्दी झाली होती हे आपल्या शेजारच्या मैनाच्या रोह्यातल्या भावाकडून कळलं. आता नाक मोकळं झालं का? पालथी पडते का? कुणाकडे बघून हसते?

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. रागाने लिहीत नाही. उचलला असतास तरी मला बोलता आलं नसतं. तुमच्याकडे फोन वाजला की सगळं घर भोवती जमतं, आणि मला जे सांगायचं आहे ते आधी तुला एकटीला सांगायचं आहे. मैना उद्या पेणहून रोह्याच्या गाडीने भावाकडे येते आहे. पत्र ती तुझ्याच हातात देईल. अक्षर गिरबटलेलं आहे. मूर्तींच्या लगद्यासाठी भिजत घालायच्या रद्दीतले पेपर वाचून शिकलेल्या बाईचं अक्षर आणखी कसं असणार.

इथलं सांगते. गुणाजीचा गणपतींचा कारखाना देवांनी भरला आहे. ओटीवर देव, माळ्यावर देव, गुणाजीच्या न्हाणीघराच्या दारातही दोन देव सुकत बसलेत, त्यामुळे त्याची बायको त्याला म्हणते, "आंघोळीला जायचं तर आधी नमस्कार करून जावा लागतोय." पावसाने रंग वाळत नाही. पण मी मजेत आहे. गुणाजीने मला पुन्हा डोळ्यांच्या आखणीला बसवलं. गेल्या आठवड्यात तो मूर्तींच्या रांगेपुढे उभा राहिला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि म्हणाला, "काकी, कालचे देव सगळे हसतायत. तुमच्या घरी हाय तरी काय?"

मी म्हटलं, "काय नाय रे, ब्लाऊज घट्ट झालेत." खरंच झालेत. हाताच्या शिवणी उसवून घ्याव्या लागल्या. उसवताना मी एकटीच हसत होते.

आता तू म्हणशील, पुन्हा आखणीला म्हणजे काय, आईने आखणी सोडली कधी? तिथूनच सांगायला पाहिजे.

तुला आठवतं, लहानपणी माझ्या शेजारी बसायचीस आणि मी डोळा आखताना तूही श्वास धरायचीस. गाल फुगवून बसायचीस, आणि मी कुंचला उचलला की फुस्स करून सोडायचीस. डोळ्याची रेघ एका दमात ओढायची असते. दम मधे तुटला की हात हलतो आणि देव तिरळा होतो. मागच्या दिवाळीच्या आधीपासून माझा दम मधेच तुटायला लागला. रेघ अर्धी गेली की खोकला. परदेशी जाणारे गणपती आधी रंगतात, त्यांचे डोळे चालू होते. मी पुसायची, पुन्हा आखायची, पुन्हा खोकायची. मैना म्हणाली, "प्लास्टर बसलंय गो छातीत. गूळ खा." मी गूळ खाल्ला. तोंडाला पदर बांधला. मग जिभेवर आणि टाळ्याला पांढरं पांढरं दिसायला लागलं. आमच्याकडे पांढरं म्हणजे दुसरं काय असणार? नळावर जाऊन बोटाने खरवडून टाकायची, पुन्हा यायचं. मी गुणाजीवर तोंड टाकलं, "तुझं प्लास्टर उडून माझ्या तोंडात थर बसले. उद्या मलाच साच्यातून काढशील."

बिचारा गुणाजी. त्याने भिंत फोडून धूळ बाहेर ओढणारा मोठा पंखा बसवला. आणि अनिता, काय सांगू, सगळ्या कारखान्याचा खोकला गेला. घासकामाच्या पोरी शिंकायच्या त्या थांबल्या, मैनाचा घसा सुटला, गुणाजी स्वतः घोरायचा बंद झाला असं त्याची बायको सांगते. खोकला राहिला तो माझाच. पंखा घरघर फिरतोय, हवा स्वच्छ, आणि मी एकटी ठसकतेय. तेव्हा मैना माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काशे, हे प्लास्टर नाय. उठ. पेणला चल."

पेणला सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारली. मी म्हटलं, "प्लास्टर आहे, कारखान्यातलं." त्या म्हणाल्या, "मावशी, ही बुरशी आहे." मला हसूच आलं. बुरशी लोणच्याला येते, भाकरीला येते, बाईला कशी येईल? त्यांनी बेडका तपासायला घेतला, छातीचा फोटो काढला, आणि मला विचारून रक्तही घेतलं.

बेडक्यात टीबी निघाला.

तेव्हा तुला सातवा सरला होता. तुझी ओटी भरून तुला माहेरी आणायचं ठरलेलं होतं. पहिलं बाळंतपण आईच्या घरी, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. मी मागच्या खोलीला चुना लावून ठेवला होता, खाट पण आणली होती. आणि मी तुला फोन करून सांगितलं की ऑर्डर मोठी आहे, घरभर धूळ आहे, मला जमणार नाही, तिकडेच राहा. फोन इंदुबाईंनी घेतला. म्हणाल्या, "विहीणबाय, बरं झालं सांगितलंत. तुमचे गणपती बाळंत झाले की आमची पोरगी बघायला या."

बाईचं तोंड आहे की सुरी. पण त्या वाक्यावर पुढे कित्येकदा एकटीच हसले, इतकं नेमकं बोलल्या त्या. शिवाय त्यांनी तुझं बाळंतपण हौसेने केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तर हे टीबीचं. त्या दिवसांत माझा खोकला दुसऱ्याला लागणारा होता आणि तू पोटुशी होतीस. तुला मी त्या खोलीत कशी आणणार? एवढं जरी सांगितलं असतं तरी तू समजून घेतलं असतंस, हे मला कळतं. पण टीबी म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, कशाने झाला? मग मला पुढचं सांगावं लागलं असतं.

गुणाजी हाक मारतोय. मुकुटाचा सोनेरी रंग संपला म्हणे. येते.

आले. त्याला सोनेरी सापडला, त्याच्याच बुडाखाली होता.

पुढचं सांगते. रक्तात एच.आय.व्ही. निघाला.

लिहिलं बघ. एका दमात.

आता तू भिऊ नकोस आणि पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच, पुढे सगळं चांगलंच आहे. पहिली गोष्ट तुझी. तू पोटुशी असताना तुझं रक्त तपासलं होतं, त्यात हीसुद्धा तपासणी असते, आणि तुझं सगळं चांगलं आलं होतं. तो कागद तूच मला फोनवर वाचून दाखवला होतास. नमिताताईंनी मला पहिल्या दिवशी हेच विचारलं, आणि त्या दिवशी मी रडले ती एवढ्याच सुखाने.

नमिताताई म्हणजे दवाखान्यात समजावून सांगायला बसतात त्या. तुझ्याच वयाची पोर आहे. मी तिला विचारलं, "ताई, मला नक्की झालंय काय? तोंडात बुरशी, छातीत टीबी, रक्तात हे, मी एक बाई आणि आजार तीन कसे?" ती म्हणाली, "मावशी, दुखणं मूळ एकच आहे. बाकीचे त्याच्या आडोशाने आत आले. त्यांना संधिसाधू आजार म्हणतात." तो शब्द मला फार पटला. असली माणसं मी कारखान्यात आणि भावकीत ढीगभर बघितली आहेत.

ती सांगत होती आणि मी माझ्या मनाशी ते आपल्या शेताच्या बांधावर बसवत होते. आपली जमीन खाडीची. भरतीचं खारं पाणी रोज बांधापर्यंत येतं आणि परत जातं. बांध धड असेल तर पलीकडे खाडी आहे हे भाताला माहीतही नसतं. मग एखाद्या वर्षी खेकडे आतून बांध पोखरतात. वरून बघावं तर गवत हिरवंगार. एक दिवस खांड पडते आणि शेत खारं होतं. तेव्हा आपण खाडीला शिव्या देतो. खाडी काय, ती कायमच तिथे होती. हा एच.आय.व्ही. म्हणजे पोखरणारा खेकडा. तो स्वतः खोकत नाही की ताप देत नाही. तो अंगाचा बांध सांभाळणाऱ्या पेशी खात बसतो. टीबीचा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या छातीत झोपलेला असतो, तोंडातली बुरशीसुद्धा सगळ्यांकडे थोडी असते. माझा बांध फुटला म्हणून त्यांना वाट मिळाली.

आणि बांध बांधता येतो, हे आपल्याला कुणी शिकवायला पाहिजे का? तुझे आजोबा चिखलाची ढेकळं हातोहात देऊन खांड भरायचे, गावच्या गाव उतरायचं.

माझंही तसंच झालं. आधी आत शिरलेलं पाणी काढायचं. तोंडातली बुरशी औषधाने अशी गेली की मला जेवणाची चव परत आली, आणि त्या दिवशी मी बोंबलाचं कालवण इतकं खाल्लं की मैनाने टोप उचलून बाजूला ठेवला. टीबीची औषधं चालू झाली. ती अंगाला मानवली की थोड्या दिवसांनी एच.आय.व्ही.ची गोळी. आणि बांध पुरता उभा राहीपर्यंत दुसरा कुणी संधिसाधू शिरू नये म्हणून राखणीची एक वेगळी गोळी. गोळी बुडवायची नाही, एवढी एकच अट. मैना रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून ओरडते, "घेतली का गो?" लोकांना वाटतं दुधाची पिशवी.

मधे एकदा घाबरले मात्र. तुझी प्रसूती झाली त्याच सुमाराला. टीबीचा खोकला गेला होता, बेडका स्वच्छ आला होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता नातीला बघायला हरकत नाही. मी लुगडं काढून ठेवलं. आणि मानेला गाठी सुजल्या, ताप भरला. औषध घ्यायला लागल्यावर अंग बिघडलं. मला वाटलं, हे औषधच मला खाणार. गोळ्या उचलून मैनाकडे दिल्या, "नको मला." ती म्हणाली, "टाकायच्या तर टाकू, खाडी कुठे लांब हाय. पण टाकायच्या आधी विचारशील तरी का नाय?" हाताला धरून पेणला नेलं. तिथे कळलं, अंगाच्या बांधाची झोपलेली राखणदार मंडळी जागी झाली आहेत आणि लपलेल्या जंतूंवर तुटून पडली आहेत, तो दंगा मानेत दिसतोय. डॉक्टरीणबाईंनी तपासून त्यावर आणखी औषध दिलं आणि म्हणाल्या, एकही गोळी सोडू नका. सोडली असती तर आज हे पत्र लिहायला मी असते की नाही, देव जाणे. दंगा शमला. गाठी बसल्या.

पण तेवढ्यात बारसं होऊन गेलं. गाठीवाली मान घेऊन पाळण्याशी कशी उभी राहणार होते? इंदुबाईंनी पहिल्याच नजरेत विचारलं असतं. पुढे बरी झाले तरी आले नाही, कारण तोवर मला आजाराची भीती उरली नव्हती, तुझ्या तोंडाकडे बघायची होती.

तुझ्या मनात बाबांचं येईल. माझ्याही आलं. एक दिवस त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि समोर घेऊन बसले. काचेवर प्लास्टर बसलं होतं. पुसला आणि पुन्हा लावला. कुठून आलं हे शोधत बसण्याने बांध बांधला जात नाही. तुला विचारायचं असेल ते समोर बसून विचार. मी उत्तर देईन.

गेल्या आठवड्यात पेणला गेले होते. टीबीची औषधं बंद केली, कोर्स पुरा झाला. आणि एच.आय.व्ही.चा रिपोर्ट आला. नमिताताईंनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "मावशी, गोळीने त्याला इतका दाबलाय की तपासणीत तो सापडतच नाय." मी म्हटलं, "म्हणजे गेला?" "गेला नाय, झोपलाय. गोळी सोडलीत की उठेल." म्हटलं, ठीक आहे, आयुष्यभर अंगाई म्हणू. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या खोलीतून शिपाई डोकावला.

मी त्यांना सगळं विचारून घेतलं. नातीला मांडीवर घेऊ का? घ्या. पापी घेऊ का? घ्या. तिला न्हाऊ घालू का, माझ्या ताटातला भात भरवू का? सगळं करा, म्हणाल्या, फक्त जुन्या बाया तोंडात घास चावून भरवतात तेवढं नको. ते तर कुणीच करू नये. मग मी त्यांना झबल्यांचं विचारलं. आजारात घरी बसले होते तेव्हा बाळंतविड्याची झबली, टोपडी, दुपटं, सगळं हाताने शिवलं आणि मग आपला हात लागला म्हणून बांधूनच ठेवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "मावशी, कापडाने काय होतंय? आणि आता पोरगी पाच महिन्यांची झाली, तिला ती बसणार तरी का?" खरं आहे. आता ती तिच्या बाहुलीला होतील. नवी शिवेन. माप तेवढं पाठव.

मितेशरावांना तू सांग, नवराबायकोत लपवाछपवी नको. इंदुबाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव. इथे कारखान्यात टीबीचं सगळ्यांना ठाऊक आहे, सगळ्यांची तपासणीही झाली, कुणाला काही नाही. दुसरं फक्त मैनाला ठाऊक आहे. इंदुबाईंना सांगितलंस आणि त्या म्हणाल्या की बाहेर ओट्यावर बसा, तर मी ओट्यावर बसेन, पण पोरीला त्यांनी ओट्यावर आणून द्यावं.

आता शेवटचं. आखणीला परत बसले त्या दिवशी पहिली रेघ ओढताना मी श्वास धरला आणि डोळे मिटूनच घेणार होते भीतीने. रेघ निघाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. मधे कुठेही खोकला नाही. कुंचला उचलला आणि तुझ्यासारखं फुस्स केलं. गुणाजी म्हणाला, "काकी, काय झालं?" म्हटलं, "काय नाय, अनिता आली होती."

तू कधीतरी म्हणायचीस, आईच्या गणपतीचे डोळे आजीसारखे दिसतात. प्रत्येक आखणाऱ्याच्या हातात घरातलंच कुणीतरी बसलेलं असतं. मी आवडीसाठी वीतभर गणपती केला आहे, शाडूचा, पंख्याच्या वाऱ्याने वाळवलेला. पितांबर झालं, दागिने झाले, उंदीरसुद्धा झाला. डोळे तेवढे बाकी ठेवलेत. मैनाच्या भावाने पाठवलेल्या फोटोत तिचे डोळे नीट कळत नाहीत, ती सारखी हलते. मी म्हटलं, हे डोळे तिला मांडीवर घेऊन बघितल्याशिवाय आखायचे नाहीत. कुंचला आणि काळा रंग पिशवीत भरून ठेवला आहे. तुमच्या घरी बसून आखेन. तू शेजारी गाल फुगवून बस.

म्हणून एवढंच विचारते. येऊ का?

मैना मंगळवारी परत निघेल, तिच्या हाती दोन ओळी दे. नाही लिहायचं असेल तर नाही लिही, मी तेही वाचेन, पण लवकर लिही. तो बोटाएवढा उंदीर माझ्याकडे बघतोय आणि त्याच्या शेजारी देव डोळ्यांविना बसून आहे.

तुझी, आणि आवडीची,
आई